हरणाची तंगडी

फार पूर्वी जंगलाच्या राखणीला कुत्र्यांची फौज असे. बिबट्यांशी तह झाला, तेव्हा सिंहाने दवंडी पिटवली, "फौज निम्मी करायची आहे. आपखुशीने जाईल त्याला हरणाची तंगडी!"

सेनापती करड्याला जाणारा प्रत्येक जण फितूर वाटू लागला. तो वेशीवर बसून एकेकाला हुंगायचा. "कुणाकडे चाललास?"

तिखट नाकाची साळू म्हणाली, "धनगरांकडे. केव्हापासून बोलावताहेत."

वाऱ्यासारखा पळणारा बाणा म्हणाला, "शिकाऱ्यांकडे."

कुणाच्याच अंगाला बिबट्याचा वास नव्हता. तरी करड्या गुरगुरला, "गद्दार मेले!" राहिलेल्यांना मात्र त्याने हुंगलंही नाही. ते तर इमानी!

सांजेला रिवाजाप्रमाणे तो भुंकला. ती हाक चौकीचौकीवरून फिरून परत यायची. आज पहिल्याच चौकीवर विरली. करड्या धावला. वाऱ्यावर बिबट्याचा उग्र दर्प येत होता आणि पहारेकरी निवांत बसला होता.

"अरे, हाक ऐकली नाहीस? वास तरी येतोय का?"

"कसला, सरदार?" पहारेकरी शेपूट हलवत म्हणाला. "नाककान धड असते, तर मीही तंगडी घेऊन गेलो नसतो का?"