दोन याद्यांमधली बेरित

पुष्कळ पुष्कळ हिवाळ्यांपूर्वीची गोष्ट. वर्षं न म्हणता हिवाळे म्हणतो, कारण ही ज्या मुलखातली गोष्ट आहे तिथली माणसं वयसुद्धा हिवाळ्यांनीच मोजायची. पार उत्तरेला नॉर्वे नावाचा देश आहे. समुद्र तिथे चिंचोळा होऊन डोंगरांच्या पोटात कोसच्या कोस शिरतो. अशाच एका चिंचोळ्या समुद्राच्या टोकाला होल्मदाल नावाचं खोरं होतं. मधून नदी, नदीवर एकच लाकडी पूल, आणि दोन्ही काठांवर बारा बारा वाड्या. वाडी म्हणजे एक घर, त्याचा गोठा, त्याचं शेत. शेजारी हाकेच्या पलीकडे.

आता या खोऱ्याची गंमत ऐका. हिवाळ्यात सूर्य डोंगराआड जो बुडायचा तो अडीच महिने तोंड दाखवायचा नाही. परत यायचा तोही एकाच काठावर. दुसऱ्या काठावर पोचायला त्याला आणखी सतरा दिवस लागायचे. म्हणून एक ऊनकाठ आणि दुसरा सावलीकाठ. ऊनकाठ सावलीकाठाला हिणवायचा, सावलीकाठ ऊनकाठावर दातओठ खायचा. सूर्य काही कोणाच्या बापाचा नव्हता, पण भांडायला माणसाला निमित्त कितीसं लागतं!

या खोऱ्यात बेरित राहायची. आईबाप लहानपणीच गेले. नवरा मासे धरायला गेला तो समुद्रातच राहिला. मूलबाळ नाही, जमिनीचा तुकडा नाही. अशा माणसाला गावानं सांभाळायचं असा तिकडे जुना रिवाज होता, पण सांभाळायचं ते पाळीनं. प्रत्येक वाडीनं पंधरा दिवस जेवायला घालायचं आणि निजायला जागा द्यायची. सोळाव्या दिवशी गाठोडं उचलून पुढच्या वाडीला जायचं. चोवीस वाड्या झाल्या की वर्ष सरत यायचं, आणि पुन्हा पहिली वाडी.

बेरित अशी एकतीस वर्षं फिरली. कोणी तिला चुलीपाशी निजवी, कोणी गोठ्यात. ती लोकर पिंजायची, पोरं झोपवायची, म्हाताऱ्यांचे पाय चेपायची. धुक्यात नि हिमवादळात वाट चुकू नये म्हणून पावलं मोजत चालायची. पुलापासून अमक्याच्या उंबऱ्यापर्यंत इतकी, तिथून तमक्याच्या गोठ्यापर्यंत इतकी. असं म्हणतात की झोपेतसुद्धा तिचे ओठ आकडे पुटपुटायचे. मोठ्या वाड्यांची माणसं एकमेकांच्या बैठकीपलीकडे कधी गेली नव्हती. बेरित मात्र चोवीसही घरांच्या आत निजून आली होती. कोणाचा पाळणा कुठल्या कोपऱ्यात आणि कोणाची आजारी सासू कुठल्या भिंतीला, हे तिला पाठ होतं.

एकच गोष्ट तिच्या जिवाला लागून असायची. परका कोणी भेटला आणि "तू कुठली?" म्हणाला की बाकीचे आपापल्या वाडीचं नाव सांगत. तिला कुठली वाडी! मग ती म्हणायची, "मी होल्मदालची." तेवढं म्हणताना तिची मान जरा ताठ व्हायची.

पुढे राजाकडून नवा कायदा आला. गावाचा कारभार गावानंच निवडलेल्या माणसांनी करायचा. त्यांच्या प्रमुखाला तिकडे ओर्डफोरर म्हणतात. आपली जीभ अडखळते, आपण आपलं सरपंच म्हणू. सावलीकाठाचा हाल्वोर सरपंच झाला. माणूस सरळ, पण हट्टी. ऊनकाठाचा पुढारी शेटिल, तोही सरळ आणि तोही हट्टी. मग काय, सभाघर कुठल्या काठावर बांधायचं यावरून जुंपली. तीन वर्षं झाली, सभाघराचा एक वासा उभा राहिला नाही. शेवटी म्हणाले, जाऊ दे खड्ड्यात, गावच दोन करू. नदी ही हद्द. इकडचे इकडे, तिकडचे तिकडे.

दोन्ही काठांनी एकाच दिवशी आपापली माणसं लिहायला घेतली. वाडीवाडीनं नावं लिहिली. तान्ही पोरं लिहिली, अंथरुणाला खिळलेले लिहिले, समुद्रावर गेलेलेसुद्धा लिहिले. बेरितची हाल्वोरच्या घरची पाळी त्याच सकाळी संपली होती. पुढची पाळी शेटिलची, पूल ओलांडून. सावलीकाठानं म्हटलं, ती तिकडे गेली. ऊनकाठानं म्हटलं, ती अजून आली नाही. आणि बेरित त्या वेळी गाठोडं घेऊन पुलावर होती.

ती शेटिलच्या दारात पोचली. शेटिल दार धरून उभा राहिला.

"बेरितमाय, तुझं नाव आमच्या यादीत नाही गं. तू त्या काठाची."

"काल पाळी ठरलेली होती ना?"

"काल एक गाव होतं."

ती परत फिरली. हाल्वोरनं खाली बघतच सांगितलं, "माय, माझे पंधरा दिवस मी पुरे केले. आता कायद्यानं तू त्यांची."

बेरित पुलापर्यंत आली आणि थांबली. असं म्हणतात की ती पुलाच्या मधोमध इतका वेळ उभी होती की तिच्या खांद्यांवर बर्फ साचलं. पोटाची चिंता तिला नव्हती, उपास तिनं पुष्कळ काढले होते. पण आता कोणी "तू कुठली?" म्हटलं तर काय सांगायचं, हे तिला कळेना. एकतीस वर्षांत पहिल्यांदा ती रडली.

पुलालगत होड्या ठेवायचं एक खोपटं होतं. त्यात ती राहू लागली. कधी इकडची एखादी बाई पदराआडून भाकरी आणून ठेवी, कधी तिकडची. उघड मात्र कोणी विचारलं नाही. यादी म्हणजे यादी! असे तीन आठवडे गेले.

मग हद्दीची पाटी ठोकायचा दिवस ठरला. भर दुपारी दोन्ही काठांचे गडी पुलावर जमले. घरी राहिल्या बायका, पोरं, म्हातारी माणसं. हाल्वोरनं खिळा लावला, हातोडा उचलला, तेवढ्यात सावलीकाठाच्या डोंगरावर गडगडाट झाला. आठवडाभर बर्फ पडून डोंगर जडावला होता, तो घसरला. पांढरा धुरळा बसला तेव्हा तीन वाड्या जागेवर नव्हत्या. त्यात हाल्वोरचीही होती. अकरा माणसं खाली गाडली गेली.

गडी धावले. पण खणायचं कुठे? झाडं नाहीत, कुंपणं नाहीत, नुसतं पांढरं पठार. हाल्वोर मोठ्यानं हाका मारत इकडून तिकडे पळत होता. ज्या घरात तो जन्मला त्या घराचं दार त्याला सापडेना.

बेरितनं खोपट्यातून सगळं पाहिलं. ती लगेच उठली नाही. गोष्ट सांगायची तर खरी सांगावी. ती मनात म्हणाली, मी ना यांची ना त्यांची, मला काय त्याचं? पण मग तिला हाल्वोरच्या घरचा पाळणा आठवला. पंधरा दिवस तिनंच तो हलवला होता. ती उठली.

पुलाच्या कडेला टाच लावून ती मोठ्यानं मोजू लागली. एक, दोन, तीन. अंगापिंडानं दणकट गडी कमरेपर्यंत रुतत होते आणि ही वरून चालत होती, असं म्हणतात. मला विचाराल तर तिला वजन होतंच किती! तीन आठवड्यांत पोटात धड काही गेलं नव्हतं. हाल्वोर तिच्या वाटेत आला.

"सरक बाजूला," ती म्हणाली. "माझी पावलं मोडतायत."

आठशे चाळीसाव्या पावलाला ती थांबली. "हा तुझा उंबरा. आता डाव्या हाताला बारा. इथे खणा, धुराडं लागेल. तुझी सून तिथेच असेल. वारा सुटला की ती पाळणा चुलीमागे ओढते."

"मला हे ठाऊकच नव्हतं," हाल्वोर म्हणाला.

"तू सभेला असतोस, बाबा," बेरित म्हणाली आणि पुढच्या घराची पावलं मोजायला लागली.

धुराडं लागलं. सून निघाली, तिच्या कुशीत बाळ निघालं, निळं पडलेलं पण जिवंत. दुसऱ्या घरी बेरितनं आजारी सासूची भिंत दाखवली. तिसऱ्या घरी पोरं कुठल्या माळ्यावर निजतात ते दाखवलं. ऊनकाठाचे गडी सावलीकाठाच्या गड्यांच्या खांद्याला खांदा लावून खणत होते, पाटी केव्हाच नदीत पडली होती. अंधार पडायच्या आत अकराच्या अकरा माणसं बाहेर आली. असं म्हणतात की त्या उन्हाळ्यात खोऱ्यातलं सगळं बर्फ वितळलं, फक्त तिची पावलं तेवढी पांढरी राहिली.

शेवटचं माणूस निघालं तशी बेरित बर्फात कोसळली. शेटिलनं तिला उचलून आपल्या घरी नेलं, आपल्या अंथरुणात निजवलं. हाल्वोर मागोमाग आला. दोघंही म्हणू लागले, माय आमच्या यादीत. हाल्वोर तर तिच्या पायाशी बसून ढसाढसा रडला.

"मायऽ, चुकलो मी. सांग, कुठे लिहू तुझं नाव?"

बेरितला तापानं धाप लागली होती. ती म्हणाली, "माझं काय रे, मी कुठेही निजेन. पण लिहिता लिहिता एकदा दार उघडून बघत जा. जो लिहायचा राहतो तो बाहेरच असतो." तिसऱ्या दिवशी ती गेली.

आता तिला पुरायचं कोणी? जिला जेवायला कोण घालणार म्हणून भांडले, तिच्या मातीसाठी पुन्हा भांडायला लागले. जमीन तर थिजून दगड झालेली, कुदळ लागेना. मग शेटिलच्या म्हाताऱ्या आईनं सांगितलं, तिची पाळी अर्धीच राहिली आहे, ती आधी पुरी करा. तेव्हा त्यांनी शवपेटी खांद्यावर घेतली. चोवीस वाड्या, चोवीस दिवस. प्रत्येक वाडीनं एक दिवस तिला घरात ठेवलं, चुलीपाशी, मानाच्या जागी. गाडल्या गेलेल्या तीन वाड्यांनी उंबऱ्याच्या जागी उघड्यावरच ठेवलं. हाल्वोरही त्यातलाच. त्यानं उंबऱ्याच्या जागेवरचं बर्फ हातांनी साफ केलं आणि पेटीशेजारी दिवसभर उघड्यावर बसून राहिला. चोविसाव्या दिवशी दोन्ही काठांनी मिळून, जाळानं जमीन सैल करून, तिला पुरलं आणि दोन्ही याद्या चुलीत गेल्या. एकच यादी झाली आणि तिच्या डोक्यावर पहिलं नाव मेलेल्या बाईचं लिहिलं.

होल्मदालची पंचायत आजही एकच आहे. सभाघराचं कसं मिटलं म्हणाल, तर ते पुलाजवळ, बेरितच्या खोपट्याच्या जागी बांधलं; त्या जागेवर कोणत्याच काठानं हरकत घेतली नाही. नव्या वर्षाच्या पहिल्या सभेत सगळी नावं वाचून झाली की सरपंच उठतो आणि बाहेरचं दार सताड उघडतो. कितीही बर्फ पडत असो. बाहेर तोंड करून तो विचारतो, "कोणी राहिलं आहे का?" मग सगळे उभे राहून वाट बघतात. वारा आत येतो, कागद उडतात, म्हातारे खोकतात, पण दार लावायची घाई कोणी करत नाही.

बहुतेक वर्षी उत्तर येत नाही. असं म्हणतात की एका वर्षी आलं. लढाई पेटलेल्या कुठल्याशा दूरच्या देशातून एक बाई दोन मुलांना घेऊन त्या खोऱ्यात आली होती. तिला तिथली भाषा चार शब्दांपलीकडे येत नव्हती. शेजारणीनं तिला दारापर्यंत आणलं आणि ती उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "आम्ही."

सरपंचानं तिला आत घेतलं, खुर्ची दिली, नावं विचारली. तिनं स्वतःचं सांगितलं, मग दोन्ही मुलांची. लिहिणारा यादी मिटणार, तेवढ्यात तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि आणखी एक नाव सांगितलं. वाटेत समुद्रात गेलेल्या तिसऱ्या मुलाचं. लिहिणाऱ्यानं सरपंचाकडे पाहिलं. सरपंच म्हणाला, "लिहा." त्यानं तेही लिहिलं.