धुळाचे दगड

माळावर धुळा धनगर एकटा राहायचा. बायको गेली होती, मूलबाळ नव्हतं. वीस शेळ्या होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. वर्षाकाठी तो एखादा बोकड कापून खायचा आणि झोपडीमागे त्याच्या नावाचा दगड ठेवायचा.

गावचे जहागीरदार मांसाला शिवत नसत. त्याचा त्यांना मोठा गर्व. एक दिवस ते माळावर आले आणि चार माणसांदेखत गरजले, "म्हाताऱ्या, लेकरू म्हणून कुरवाळतोस आणि कापून खातोस? असला ढोंगी माझ्या माळावर नको. उद्या कळप घेऊन चालता हो."

माळ सुटला तर शेळ्या उपाशी मरणार होत्या. धुळानं मान खाली घातली नाही.

"जातो, सरकार. पण आधी हे बघा." त्यानं त्यांना झोपडीमागे नेलं आणि एकेका दगडावर हात ठेवला. "हा काळ्या. हा बांड्या. हा चंद्र्या, पायानं अधू होता. मीच कापले, मीच खाल्ले. आता तुमचं सांगा. तुमच्या गोठ्यात बारा म्हशी दूध देतात. त्यांना झालेले रेडे कुठं आहेत?"

जहागीरदारांनी सोबत आलेल्या आपल्या कारभाऱ्याकडे पाहिलं. कारभारी जमिनीकडे पाहू लागला. रेडे दरसाल खाटकाकडे जात, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. जहागीरदारांनी कधी विचारलंच नव्हतं.

"एकाचं तरी नाव सांगा," धुळा म्हणाला. "आत्ता निघतो."

जहागीरदार घोड्यावर बसून निघून गेले. माळाचा विषय पुन्हा निघाला नाही.

धुळा दगडांपाशी बसून राहिला. आपल्यामागं आपल्या नावाचा दगड कोण ठेवील, हे मात्र त्याला सांगता आलं नसतं.