सशाचा भोंगा आणि टिटवीची हाक

एका डोंगरमाथ्यावरच्या जंगलात, आटत चाललेल्या तळ्याच्या काठी, एक टिटवी राहत असे. जांभळीच्या वळणावर त्या सकाळी जी किंकाळी घुमली ती तिचीच होती आणि त्यानंतर वळणावरच सभा भरवली तीही तिनेच. हे आरंभीच सांगून ठेवलेले बरे, कारण या गोष्टीचे श्रेय घेणारे जंगलात पुढे पुष्कळ निघाले. या जंगलात गाड्या होत्या. त्या कोठून आल्या, असे विचारू नका, मुलांनो. ससा बोलतो तेव्हा तुम्ही काही विचारीत नाही. मग तो गाडी चालवतो तेव्हाच का विचारावे?

चैत्र सरता सरता तळ्याचा तळ भेगाळला. टिटवीची तीन पिल्ले पायांनी तुरुतुरु पळत, परंतु त्यांच्या पंखांत अजून बळ आले नव्हते. पाणी होते ते घाटाखाली, नदीला. पायी उतरावे, तर वाटेत मुंगूस आणि साप. म्हणून टिटवीने सशाच्या गाडीने जायचे ठरवले. सशासारखा सालस प्राणी त्या पंचक्रोशीत नव्हता. पायवाटेवर मुंगळ्यांची रांग आडवी आली, तरी हा कान पाडून उभा राही आणि म्हणे, "आधी आपण." सुकलेले पान वाजले, तरी दचके. अशा सौम्य जिवाच्या हाती पिल्ले सोपवण्यास कोणती आई कचरेल?

"या, टिटवीताई, या," ससा म्हणाला. "पिल्लांना सावलीच्या बाजूला बसवा. खड्ड्यात धक्का बसला, तर सांगा हं, संकोच करू नका."

गाडीत आधीपासून साळिंदरकाका बसले होते. पुतण्याची सोयरीक जमवण्यासाठी ते नदीकाठी निघाले होते. टिटवीला पाहताच त्यांनी काटे सावरून जागा दिली आणि एक टोमणाही दिला. "आज तरी ओरडू नका बरे, ताई. आभाळ पडेल म्हणून पाय वर करून निजणारी तुमची जात! ढगाची सावली हलली, तरी तुम्ही जंगल डोक्यावर घेता." टिटवी ओशाळली. तिच्या हाकेला जंगलात सारेच हसत, हे तिला ठाऊक होते. आज चोच उघडायची नाही, असा तिने मनाशी निश्चय केला.

पहिला उतार सुखाने गेला. ससा वाटेतल्या सरड्याला वाट देत होता, खड्डा चुकवीत होता, मधूनच मागे वळून पिल्लांची चौकशी करीत होता. इतक्यात मागून कोल्ह्याची गाडी आली. तिने धुरळा उडवला, सशाच्या गाडीला अगदी घासून ती पुढे गेली आणि जाता जाता कोल्ह्याने मान बाहेर काढली.

"ए लांबकान्या! गाडी चालवतोस की पापड वाळत घालतोस?"

सशाचे दोन्ही कान ताठ उभे राहिले. "माझ्या पुढे?" तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्या?" तो आवाज टिटवीने पूर्वी कधी ऐकला नव्हता. मुंगळ्यांना "आधी आपण" म्हणणारा ससा कोठे गेला, हे तिला कळेना. चालकाच्या जागी कोणी दुसराच बसला होता.

गाडीने वेग घेतला. एका बाजूला कातळ पळू लागला आणि दुसऱ्या बाजूला दरी. कोल्ह्याची गाडी वळणावर दिसे आणि वळणाआड नाहीशी होई. ती दिसली की ससा दात खाई आणि दिसेनाशी झाली की त्याहून अधिक चिडे. वाटेत एक हरिणी पाडसाला घेऊन रस्ता ओलांडत होती. तिला त्याने असा भोंगा दिला की पाडस पाय दुमडून खालीच बसले. चाके त्याच्या खुरांजवळून गेली. टिटवीने मागे वळून पाहिले. पाडस उठले होते. इतक्यात पुढचे वळण आले.

"आई," सर्वांत धाकटे पिल्लू तिच्या पंखाखालून म्हणाले, "उडणे म्हणतात ते हेच का?"

"नाही, बाळ," टिटवी म्हणाली. "उडताना आपण आपल्या स्वाधीन असतो."

तिने धीर करून हाक मारली, "ससेभाऊ, जरा सावकाश..."

"ताई, गाडी कोण चालवतोय?" ससा मागे न पाहता म्हणाला.

साळिंदरकाका तिच्या कानाशी कुजबुजले, "गप्प राहा. चिडलेल्याला बोलले की तो आणखी चिडतो. आणि घाबरण्यासारखे यात आहे काय? माझ्याकडे पाहा, मी घाबरलो आहे का?" टिटवीने पाहिले. काकांचा एकूण एक काटा उभा राहिला होता आणि बसण्याच्या गादीत आरपार रुतला होता.

सशाने समोरच्या आरशातून मागे नजर टाकली. सारी मंडळी निःशब्द बसली होती. "पाहा!" तो अभिमानाने म्हणाला. "आहे का कोणाची तक्रार? माझा हातच असा आहे, मागे बसलेल्याच्या पोटातले पाणी हलत नाही!" मुलांनो, भीतीने वाचा बसलेल्यांच्या मौनाला तो शाबासकी समजला. अशी शाबासकी फार घातक असते, कारण तिच्यामुळे वेग वाढतो.

एका वळणावर मागचे चाक दरीच्या कडेवरून घसरले आणि क्षणभर गाडी तिरपी झाली. त्या क्षणी टिटवीचे पंख आपोआप उघडले. ते मिटलेले ठेवणे तिच्या हाती नव्हते. भय वाटले की पंख उघडायचे, असेच तिला जन्मापासून ठाऊक होते. वर मोकळे आकाश होते. एक झेप घेतली असती, तर ती सुटली असती. पण पंख उघडताच खाली तीन चोची उघड्या पडल्या आणि तीन जोडी डोळे तिच्याकडे पाहू लागले. तिने पंख मिटून घेतले. तिला आयुष्यात कधी इतके जड काही उचलावे लागले नव्हते.

आता पुढे जांभळीचे वळण होते. ते इतके अरुंद होते की तेथून एका वेळी एकच गाडी जाई. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी आणि दरीच्या तोंडाशी एक जुनी जांभूळ. या वळणाची जंगलात पूर्वापार रीत होती. उतरणाऱ्याने वळणाअलीकडे थांबावे, भोंगा एकदा वाजवावा आणि कान द्यावेत. खालून उत्तर आले, तर चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, कारण भरलेली गाडी चढावर थांबली की मागे घसरते. उत्तर आले नाही, तरच पुढे जावे. म्हणजे भोंगा हा प्रश्न होता. आणि ज्याने प्रश्न विचारला त्याने उत्तरासाठी थांबावे, हे तर पहिलीतल्या मुलालाही समजते.

सशाने भोंगा दाबला आणि दाबूनच धरला. गाडीचा वेग तसूभरही कमी झाला नाही. "बाजूला व्हा! बाजूला व्हा!" तो ओरडत होता, आणि समोर तर कोणीच दिसत नव्हते.

त्या कर्कश आवाजाच्या तळाशी टिटवीला दुसरा एक आवाज ऐकू आला. तो जाड, दमलेला होता आणि खालून येत होता. एकदा आला. पुन्हा आला. तिने काकांकडे पाहिले. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. तिने सशाच्या कानांकडे पाहिले. साऱ्या जंगलात त्याच्याएवढे लांब कान कोणाचे नव्हते. पण ते त्याच्याच भोंग्याने काठोकाठ भरले होते.

मग मात्र टिटवीने निश्चय मोडला. "टिव्-टिव्-टिटिव्! थांब! थांब!"

मुलांनो, टिटवीच्या हाकेला जंगल हसते, परंतु हसण्यापूर्वी प्रत्येक प्राणी एकदा जागच्या जागी थिजतो. ती हाक ऐकून सशाच्या आज्यापणज्या गवतात दबल्या होत्या आणि म्हणून वाचल्या होत्या. त्या हाकेने कोल्हा सशाच्या मनातून पुसला गेला. चालक पुसला गेला. चालकाच्या जागी नुसता ससा उरला. आणि ससा घाबरला की काय करतो? मागचा पाय दाणकन आपटतो. तो पाय पडला तो नेमका ब्रेकवर.

चाके किंचाळली. गाडी अर्धी फिरली, फरफटत गेली आणि जांभळीच्या बुंध्याला धडकून थांबली. पुढचे एक चाक दरीवर अधांतरी फिरत राहिले. त्याखालून सुटलेले दगड खाली गेले. ते तळाशी पोहोचल्याचा आवाज फार उशिरा आला. गाडीच्या नाकासमोर, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, अस्वलिणीची गाडी उभी होती. तिच्यात मोहाच्या फुलांच्या पाट्या होत्या आणि पाट्यांवर, एकमेकांना घट्ट बिलगलेली, तिची दोन पिल्ले होती.

दरीची भीती सरली नव्हती, तोच दुसरी उभी राहिली. अस्वलिणीचा राग जंगलात कोणाला ठाऊक नव्हता? ती खाली उतरली. आधी तिने आपल्या गाडीच्या चाकांमागे मोठाले दगड लावले. मग सशाच्या गाडीला मागून कव घालून तिने ती ओढून रस्त्यावर आणली. मग ती सशासमोर येऊन उभी राहिली. सशाने डोळे मिटले.

"मी दोनदा भोंगा दिला," ती म्हणाली. "ऐकलास?"

"माझा... माझा वाजत होता, मावशी."

अस्वलीण म्हणाली, "मग विचारलेस कशाला?"

साळिंदरकाका चाचरत म्हणाले, "अस्वलताई, राग आवरा..."

"आवरलेलाच आहे, काका. राग मला पुष्कळ आहे. पण मागे पिल्ले असली की तो मी वारुळापाशी ठेवून निघते. घरी पोहोचले की ते वारूळ फोडीन." आणि तिने मोहाची एक पाटी सरळ केली, तेव्हा तिचा पंजा थरथरताना टिटवीला दिसला. इतक्या बलाढ्य प्राण्यालाही भय वाटले होते, हे पाहून टिटवीला आपल्या भयाची लाज वाटेनाशी झाली.

कोल्हा पुढच्या वळणावर सावलीत थांबला होता. आवाज ऐकून तो चालत वर आला आणि जांभळीखालची दरी पाहून म्हणाला, "मी आपली गंमत केली. एवढे मनावर घ्यायचे?"

"तुझी गंमत खाली मलाही भेटली," अस्वलीण म्हणाली. "मी गाडी कातळाला टेकवून तुला वाट दिली म्हणून तू इथवर चालत आलास."

"चला, चला," काका घाईघाईने म्हणाले, "झाले गेले गंगेला मिळाले. आधी खाली नदीवर जाऊ, पाणी पिऊ, मग सावकाश बोलू."

"नाही, काका," टिटवी म्हणाली. तिच्या काड्यांसारख्या पायांचे कापणे अजून थांबले नव्हते. "सभा इथेच आणि आत्ताच. खाली गेले की पाय स्थिर होतात आणि मग कोणालाच काही आठवत नाही."

अशा रीतीने ती सभा जांभळीखाली भरली. असे ठरले की उतरणाऱ्याने वळणाअलीकडे गाडी उभी करावी, भोंगा एकदाच द्यावा आणि स्वतःचा श्वास स्वतःला ऐकू येईपर्यंत गप्प राहावे. ज्याला आपला श्वास ऐकू येतो त्यालाच दुसऱ्याचा भोंगा ऐकू येतो. दुसरे असे ठरले की गाडीत बसलेल्या कोणीही, मग तो अंड्यातून कालच बाहेर पडलेला का असेना, "थांब" म्हटले, तर चालकाने आधी थांबावे आणि कारण नंतर विचारावे.

अस्वलिणीने मान डोलावून संमती दिली. "मला तर पहिल्यापासूनच मान्य होते," असे काका म्हणाले, आणि गादीतून काटे सोडवू लागले. कोल्हा झाडाच्या शेंड्याकडे पाहत राहिला. अस्वलिणीने पायाखालचा एक दगड नुसता इकडून तिकडे लोटला, तेव्हा तोही "मान्य" म्हणाला.

राहिला ससा. त्याचे कान पाठीवर पडले होते. "टिटवीताई," तो म्हणाला, "आता गाडी... मी चालवू?"

टिटवीने दरीकडे पाहिले, पिल्लांकडे पाहिले. ऊन चढू लागले होते आणि पिल्लांच्या चोची तहानेने उघड्या होत्या. "चालव," ती म्हणाली. "मात्र मी मागे बसणार नाही. तुझ्या शेजारी बसेन."

"आणि ओरडाल?"

"ओरडेन."

"मान्य," ससा म्हणाला. तो पुन्हा मुंगळ्यांना वाट देणाऱ्या सशाच्या आवाजात बोलला.

सशाने गाडी वळणाअलीकडे मागे घेतली, अस्वलिणीला आधी वर जाऊ दिले आणि मग गाडी निघाली. पुढच्या वळणाच्या बऱ्याच अलीकडे, रस्ता मोकळा असताना, सर्वांत धाकटे पिल्लू म्हणाले, "थांब." ससा खरोखर थांबतो का, हेच त्याला पाहायचे होते. सशाने गाडी थांबवली. तो रागावला नाही. कान उभारून तो आपला श्वास ऐकू येण्याची वाट पाहत बसला, आणि मग त्याने वळून विचारले, "का, बाळ?"

"भीती वाटली," पिल्लू म्हणाले.

"मलाही वाटते," ससा म्हणाला. "थोडे थांबू."

तात्पर्य : चालकाने राग उतरवून मगच गाडीला हात लावावा, आणि बरोबर बसलेल्याने आपली भीती गिळून त्या रागाला शाबासकी देऊ नये.