महाराजांच्या डोक्यावरचा पालथा घडा

राजवाड्यासमोरच्या भिंतीवर सकाळी ते चित्र दिसलं आणि सगळं हिवरगड संस्थान हसत सुटलं. महाराज तेवढे हसले नाहीत, कारण चित्र त्यांचंच होतं.

चित्र ज्या फोटोवरून काढलं होतं, तो गावात लहानथोरांना पाठ होता. महाराजांनी विलायतेहून राजहंस आणले. त्या नाजूक पक्ष्यांना गावच्या घागरींचा त्रास नको, म्हणून गावतळ्याच्या दाराला कुलूप लावलं. बायका पार नदीवरून पाणी आणू लागल्या. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. महाराजांनी सगळ्या शांतपणे ऐकल्या आणि तितक्याच शांतपणे विसरून गेले. शेवटी धोंडाक्का नावाची एक म्हातारी कमरेवर रिकामा घडा घेऊन, हात वर करून, महाराजांच्या मोटारीपुढे उभी राहिली. कोणा वाटसरूने फोटो घेतला, तो पुण्याच्या वर्तमानपत्रात आला आणि घरोघरी भिंतीला लागला. दिवाणजींनी तो पाहून एवढंच म्हटलं होतं, "मोटार फार सुरेख आली आहे, महाराज."

भिंतीवरच्या चित्रात तीच मोटार होती, तीच म्हातारी होती. फक्त तिच्या कमरेवरचा घडा महाराजांच्या डोक्यावर गेला होता. मंदिलाच्या जागी, पालथा. खाली एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणजे काय, हे हिवरगडात शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नव्हतं.

दिवाणजींनी डोळे बारीक करून चित्र पाहिलं. "फोटोत म्हातारीचा उजवा हात वर आहे, इथे डावा. मोटारही उलट्या दिशेला चालली आहे. हे हाताने काढलेलं नाही, महाराज. हा लाकडी ठसा आहे, तोही चुकलेला!"

ठसे कोरणारं घर गावात एकच. लुगड्यांवर नक्षी छापणारे दगडोजी रंगारी दरबारात उभे राहिले. त्यांच्या पुढे त्यांची मुलगी येसू येऊन उभी राहिली.

"बाबांचा यात हात न्हाई, महाराज. ठसा म्यां कोरला."

"आणि चुकवलास," दिवाणजी म्हणाले.

"व्हय जी. ठसा उलटा कोरावा लागतो, तवा सुलटं उमटतं. म्यां घाईत सरळ कोरला. सरळ वागलं की उलटं दिसतं, आमच्या धंद्यात असंच हाय. दरबारात कसं असतं, ठावं न्हाई."

दगडोजींनी लेकीचा पदर मागून ओढला. तिने तो सोडवून घेतला.

महाराज गादीवर पुढे सरकले. "जीभ बरी चालते तुझी. आता अक्कल चालते का बघू. पालथा घडा भरून दाखव. सुलटा करायचा नाही, तिरका करायचा नाही. भरलास तर मागशील ते देईन. नाही भरलास, तर बापलेक संस्थानाबाहेर!"

दगडोजींनी डोक्याला हात लावला. चार पिढ्यांचं घर, रंगाचे रांजण, सगळं त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागलं. येसूही क्षणभर घाबरली. मग तिने हात जोडून विचारलं, "पाणी कुठलं घ्यावं, महाराज?"

"हवं तिथलं घे," महाराज उदारपणे म्हणाले. उदारपणा फुकट असला की त्यांना तो नेहमी सुचत असे.

"मग तळ्याचं दार उघडाया सांगा. वाटीभर पाण्यात घडा बुडत न्हाई."

शब्द तोंडातून गेला होता. दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि येसूच्या मागोमाग गावातल्या समस्त बाया आत शिरल्या, प्रत्येकीच्या कमरेवर घागर.

"ह्या कशाला आल्या?" दिवाणजी ओरडले.

"साक्षीला," येसू म्हणाली. साक्षीदार ताबडतोब घागरी भरू लागले. राजहंसांनी एकदा वळून पाहिलं आणि ते आपले पोहत राहिले.

येसूने घडा पालथा धरून पाण्यात दाबला. घडा उसळून वर आला. महाराज खूश झाले. "काय झालं गं? शिरेना ना पाणी?"

"कसं शिरंल? आत हवा हाय." तिने खिळा घेतला आणि घड्याच्या बुडाला हळूच भोक पाडलं.

"ही लबाडी आहे!" दिवाणजी म्हणाले.

"सुलटा करू नगं, तिरका करू नगं, एवढाच हुकूम झालाय. भोकाचं कोण बोललं?" तिने घडा पुन्हा पालथाच दाबला. बुडबुड बुडबुड करत हवा भोकातून निघाली आणि घडा पाण्याखाली गेला. "भरला बगा. आतली हवा निघाली, की पालथ्या घड्यातबी पाणी शिरतं. घड्याचंच सांगतेय, महाराज."

"अगदी खरं आहे," दिवाणजी सवयीने म्हणाले आणि लगेच राजहंसांकडे बघू लागले. महाराजांचा हात आपसूक मंदिलाकडे गेला होता. तो त्यांनी खाली घेतला आणि शेवटचा डाव टाकला.

"भरला खरा. आता तसाच पालथा बाहेर काढ! एक थेंब राहील का त्यात?"

"न्हाई राहणार," येसू म्हणाली. "पण बाहेर काढा, असा हुकूम न्हवता. महाराजांचा घडा तळ्यात हाय तवरच भरलेला. दाराला कुलूप घालायचं असंल, तर आधी मला घडा घिऊन बाहेर यावं लागंल, आणि मग तो पुन्यांदा रिकामा हुईल. तुमीच ठरवा, घडा भरलेला हवा का रिकामा?"

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या बायांकडे पाहिलं, आणि ते पोट धरधरून हसले. दिवाणजीही हसले, पण हसावं की नाही याची खात्री करून.

"कुलूप फेकून द्या त्या तळ्यात!" महाराज म्हणाले. "आणि तू, येसू, काय हवं ते माग. जमीन, सोनं, बोल."

येसूने पदराला हात पुसले. "राजवाड्यासमोरच्या भिंतीची मागली बाजू अजून कोरी हाय, महाराज. ती द्या."

महाराजांनी मान वळवून भिंतीच्या दिशेला पाहिलं. मग ते आधीपेक्षा जोरात हसले आणि त्यांनी भिंत दिली, वर ती पांढरी करायला चुन्याची एक गोणीही दिली.