बाळ शांत झाले तेव्हा

एका जिल्ह्याच्या गावी एकदा एक वृद्ध नेत्रवैद्य होते. नोकरीतून केव्हाच मोकळे झालेले. परंतु दर बुधवारी ते तिथल्या रुग्णालयाच्या नवजात विभागात येत आणि दिवस भरण्यापूर्वीच जन्मलेल्या बाळांचे डोळे तपासत. अशा बाळांच्या नेत्रपटलावरील रक्तवाहिन्यांची वाढ अपुरी असते. पुढे त्या भलत्या दिशेने वाढू लागल्या आणि कुणी वेळेवर पाहिले नाही, तर डोळ्याच्या आतला हा पडदा सुटतो आणि दृष्टी जाते. वेळेवर दिसले, तर बहुधा वाचवता येते.

त्यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर शिकत होती. हात हलका, मन त्याहून हळवे. कुणाचे रडणे तिला सोसत नसे.

त्या दिवशी पाळी होती राजश्रीच्या बाळाची. बारसे होईपर्यंत त्या विभागात बाळे आईच्याच नावाने ओळखली जात. हे बाळ इतके लहान, की त्याची मूठ आईच्या नखाहून फारशी मोठी नव्हती. राजश्री दारातच अडून उभी राहिली.

"मॅडम, रडवू नका हो त्याला. रडायला तरी अंगात काय आहे त्याच्या?"

"नाही रडवणार, ताई," शिष्या म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा. बघा, आवाजसुद्धा येणार नाही."

वृद्धांनी हे ऐकले. चष्मा काढून पुसला आणि परत घातला.

शिष्येने तयारीत काही कमी ठेवले नाही. बाळाला नुकतेच पाजलेले नाही, याची खात्री करून घेतली. डोळे बधिर करणारे थेंब घातले, गालावर ओघळलेले औषध लगेच टिपले. मऊ दुपट्यात त्याला हातापायांसकट गुंडाळले आणि आईच्या दुधाचे थेंब जिभेवर ठेवले. बाळाने ओठ चाटले.

"काय थाट आहे साहेबांचा!" मदतीला उभ्या असलेल्या सिस्टर म्हणाल्या. "माझ्या लग्नात माझी एवढी बडदास्त नव्हती."

तेव्हा वृद्ध पुढे आले आणि त्यांनी बाळाच्या छातीवरचे दुपटे सैल करून बाजूला सारले.

"सर, गारठेल ना तो."

"थोडा गारठेल," ते म्हणाले, आणि स्टूल ओढून बाळाच्या पायाशी बसले. तिथून डोळ्यातले काहीच दिसत नव्हते. शिष्येला नवल वाटले. आपले काम पाहायला म्हणून आलेले गुरुजी भलतीकडेच तोंड करून का बसले?

तिने पापण्या उघड्या ठेवणारी तारेचा चाप हळूच बसवला, डोक्यावरचा दिवा लावला, भिंग धरले. बाळ रडू लागले. बारीक, किरटे, पण नेटाचे रडे. तिने घाई केली नाही. पडद्याची कड पाहायची तर बारीक दांडीने डोळा किंचित दाबावा लागतो; तोही तिने जपून दाबला. आणि हळूहळू रडे थांबले.

"शांत झाला, सर," ती आनंदाने पुटपुटली.

"दांडी काढ."

"एवढी कड राहिलीय फक्त. आता तर तो छान..."

"काढ म्हणतो ना! चापही काढ."

इतक्या वर्षांत त्यांचा आवाज असा चढलेला कुणी ऐकला नव्हता. तिने हात मागे घेतला. बाळाला जोडलेल्या यंत्रावरचा प्राणवायूचा आकडा अजून चांगलाच दिसत होता. वृद्धांनी बाळाच्या तळपायावर बोट घासले, एकदा, पुन्हा एकदा. आता तिने पाहिले: बाळाचे ओठ निळसर पडले होते आणि उघडी छाती हलत नव्हती. मग यंत्र वाजू लागले. सिस्टरांनी प्राणवायूची नळी नाकाजवळ धरली. वृद्धांनी टाचेला टिचकी मारली.

बाळाने आचका दिला, छाती वर आली, आणि ते सगळ्या विभागाला ऐकू जाईल असे रडले.

राजश्री दार ढकलून आत आली. "रडवलंत ना शेवटी!"

"हो गं मुली, मीच रडवलं," वृद्ध म्हणाले. "ये, जवळ ये. त्याची मूठ धर."

बाळ पुन्हा गुलाबी झाले. मग शिष्या मान खाली घालून म्हणाली, "सर, रडत होता तेव्हा तुम्ही थांबवलं नाही. गप्प झाल्यावर थांबवलं."

"रडणारं बाळ श्वास घेत असतं, बाई," ते म्हणाले. "त्याला त्रास कमी व्हावा म्हणून तू जे जे केलंस ते बरोबरच होतं, त्यातलं काही सोडू नकोस. पण एवढ्या लहान जिवाचा डोळा दाबला, की कधी काळजाचे ठोके मंदावतात, कधी श्वास थांबतो. यंत्राला ते कळायला जरा वेळ लागतो. आणि भिंगातून बघणाऱ्याला फक्त डोळा दिसतो. तू त्याच्या आईला शब्द दिला होतास, आवाज येणार नाही म्हणून. म्हणून आवाज गेला तेव्हा तुला बरं वाटलं. मलाही वाटलं असतं. म्हणून तर मी पायाशी बसतो."

"मग आजचं राहू द्यायचं?"

"राहू द्यावं असं फार वाटतं मला. दर वेळी वाटतं. पण डोळ्यातल्या वाहिन्या आपल्यासाठी थांबत नाहीत. त्याला दम खाऊ दे, मग पाहू. थोडं थोडं."

बाळ पुरते सावरल्यावर शिष्येने पुन्हा भिंग उचलले. परंतु दिवा लावण्याआधी तिने विचारले, "छातीकडे कोण बघतंय?"

"मी," वृद्ध म्हणाले.

"मीपण," सिस्टर म्हणाल्या. "यांचा चष्मा जुना आहे."

या वेळी तिने थांबत थांबत पाहिले. बाळ रडले की कान देई, रडे विरले की हात काढून घेई. दोन्ही डोळ्यांच्या वाहिन्या अजून कडेपर्यंत पोचल्या नव्हत्या, पण वेडीवाकडी वाढ कुठे नव्हती.

"पुढच्या बुधवारी परत पाहावं लागेल, ताई," ती राजश्रीला म्हणाली. "तेव्हा यायचंच."

"परत रडेल?"

शिष्येने क्षणभर विचार केला. "रडेल. कमी रडावा म्हणून जमेल ते सगळं करू. आणि मध्येच तो रडायचा थांबला, तर आम्ही थांबू."

राजश्रीने बाळाला छातीशी घेतले आणि मान हलवली.

आपल्या घरातले रोज कुरकुर करणारे माणूस एखाद्या दिवशी एकाएकी गप्प झाले, तर सुटकेचा निःश्वास टाकण्याआधी त्याच्याजवळ जाऊन बसावे, असे मला वाटते; माझे चुकत असेल, तर थोडा वेळच काय तो वाया जाईल.