दाईच्या चुलीचा विस्तव

फार मागं, काडेपेटी कुणी पाहिलीही नव्हती तेव्हा, एका गावात सकाळी शेजारणीकडून विस्तव मागून आणायची रीत होती. खापरात राख, राखेत निखारा. विस्तव न्यायला आलेली बाई दोन शब्द बोलून जायची. कुणाच्या घरी काय दुखतंय, ते चुलीपाशीच कळायचं. आता ते राहिलं नाही.

त्या गावात एक विणकर होता. हात फार चांगला, पण त्याला अफूची चटक लागली. माग धूळ खात पडला. एके दिवशी त्यानं म्हाताऱ्या दाईचं तांब्याचं घंगाळ चोरलं, फिरत्या व्यापाऱ्याला दिलं आणि अफू घेतली. गावातल्या प्रत्येक पोराची पहिली आंघोळ त्याच घंगाळातल्या पाण्यानं झालेली. विणकराचीसुद्धा.

गाव खवळलं. वेशीबाहेर काढा म्हणाले. न्याय पाटलीणबाई करायच्या. त्यांनी आधी दाईला विचारलं, तुझं काय म्हणणं आहे.

दाई म्हणाली, "घंगाळ तर गेलंच. आता हा तरी जाऊ नये. याला मी या हातांनी न्हाऊ घातलाय."

मग पाटलीणबाईंनी ठरवून दिलं. विणकरानं रोज पहाटे दाईची चूल पेटवायची, अफू सुटावी म्हणून वैद्यानं दिलेला काढा तिच्यासमोर प्यायचा आणि तिथला विस्तव घरोघर पोचवायचा. "चुकलास तर येऊन सांग," त्या म्हणाल्या. "खोटं बोललास, तर वेस तुला बंद."

सुरुवातीला त्याचे हात थरथरायचे. निखारे वाटेत सांडायचे. बायका टोमणा मारायच्या, "काय रे, विस्तव आणलास की नुसतीच राख?" हळूहळू हात स्थिरावले. मागावर पुन्हा सूत चढलं.

आणि जत्रेत तो घसरला. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तरी घरोघरच्या चुली गार. पोरं भुकेनं रडू लागली. लोक पाटलीणबाईंच्या ओट्यावर जमले. तिथं विणकर स्वतःच रिकामं खापर घेऊन आला. वाटेत एकानं शिकवलं होतं, ताप आला होता म्हणून सांग. त्यानं ते ऐकलं नाही.

"काल अफू खाल्ली," तो म्हणाला.

लोकांचं पुन्हा तेच, वेशीबाहेर काढा याला. तेव्हा दाई उठली.

"तुमच्या चुली कधी विझल्या नाहीत? विझली म्हणून कुणी उकरून फेकली का? माझ्या दारी आलात, मी विस्तव दिला. तेव्हा मी कुणाला हिशेब विचारला नाही, मेल्यांनो."

लोक एकेक करून ओट्यावरून उतरले. पाटलीणबाईंनी विणकराला प्रत्येक दारी पाठवलं, चूल का गार राहिली ते स्वतःच्या तोंडानं सांगायला. तो गेला. उंबऱ्याउंबऱ्यावर मान खाली घालून सांगत गेला. दुसऱ्या दिवशी विस्तव वेळेवर पोचला. त्यानंतर कधी चुकला नाही.

घंगाळ काही परत आलं नाही. पण पुढं त्या गावात जन्मलेलं प्रत्येक बाळ, न्हाऊन झालं की, विणकराच्या हातच्या दुपट्यात गुंडाळलं जायचं. दाई गेल्यावरही तिची चूल त्यानं विझू दिली नाही.

बोध: चुकलेल्याला हाकलणं सोपं असतं; ज्याचं नुकसान केलं त्याच्याच दारात उभं राहून ते भरून काढायची वाट त्याला देणं, हा खरा न्याय.