घर न सोडता दरबारात

"चालता येत नाही ना? मग चालत येऊन तसं सांग!"

हसू नका, कुसुंबगडच्या रंगराव कारभाऱ्याचा असा खरंच हुकूम होता! त्या राज्यात आरोग्यछत्र नावाची योजना होती. प्रत्येक घराने दरवर्षी आपल्या हातची एक वस्तू सरकारी वैद्यशाळेला द्यायची. बदल्यात, म्हातारपणी पाय चालेनासे होऊन ज्याला घर सोडवत नाही त्याच्या घरी सरकारने मर्दनी पाठवायचा. मर्दनी म्हणजे अंग चोळून, सांधे मोकळे करून माणसाला पुन्हा पावलं टाकायला लावणारा गडी. योजना महाराजांची, चांगली होती. राबवायला दिली रंगरावाकडे, तिथंच माती खाल्ली!

रंगरावाने नियम काढला, की मागणाऱ्याने स्वतः दरबारात यावं. कुणी काठी टेकत आला, की हा म्हणे, "आलास की चालत! तुला कशाला मर्दनी?" कुणाला बाजेवर घालून आणलं, की म्हणे, "घर सोडवलं ना? मग घरी कशाला माणूस पाठवायचा?" आणि जो आलाच नाही त्याचा अर्जच नाही! द्यायला सगळं गाव पात्र, घ्यायला एकही नाही. काय डोकं म्हणावं! सहा मर्दनी वैद्यशाळेच्या ओट्यावर चकाट्या पिटत बसलेले असायचे.

बुरूड आळीतल्या राहीबाईने चोवीस वर्षं न चुकता वैद्यशाळेला सुपं दिली होती. यंदा ती विहिरीवर घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण पाय काही धरेना. वैद्य सांगून गेला, "महिन्याभरात चालवलीत तर चालेल. नाहीतर कायमची अंथरुणाला खिळली समजा." सून हौसा तिला उभी करायला जायची आणि दोघीही कोलमडायच्या. मग राहीबाई भिंतीकडे तोंड करून रडायची. हौसाला ते बघवत नसे.

एके दिवशी हौसाने थेट दरबार गाठला.

"सरकार, माझ्या सासूबाईंना मर्दनी द्या."

"सासू कुठंय?" रंगरावाने विचारलं.

"घरात. घर सोडवत नाही त्यांना."

"तसं तिनं इथं येऊन सांगावं."

"आणि आल्या तर?"

"तर घर सोडवतं हे सिद्ध झालं!" असं म्हणून रंगराव आपल्याच हुशारीवर हसला. लाचार दरबारीही हसले.

भैरवराज महाराज जांभई देत होते. "नियम म्हणजे नियम, बाई," ते म्हणाले. "घर न सोडता तुझ्या सासूला इथं घेऊन ये. लगेच मर्दनी देतो!"

"शब्द दिलात, महाराज?"

"दिला!"

पुन्हा हशा पिकला. हौसा मात्र मुजरा करून निघाली, ती तडक आळीत आली.

आता बुरडांचं घर ते काय? बांबूचा सांगाडा आणि तट्ट्यांच्या भिंती. बांबूतोडीला जंगलाकडे जाताना ते घर आहे तसं उचलून न्यायची त्यांची रीतच होती. हौसाने आळीतले सोळा जण गोळा केले. राहीबाईची बाज आतल्या मेढींना, म्हणजे खांबांना, घट्ट बांधली आणि घराखाली आडवे बांबू सारले.

"अगं हौसा, मला पाडशील गं!" आतून राहीबाई ओरडली.

"आत्याबाई, बाज धरून बसा. कुठंही उतरायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी दरबार भरला असताना हत्तींच्या दरवाजातून अख्खं घर आत शिरलं! सिंहासनासमोर ते टेकवलं. हौसाने उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं, पुढे रांगोळीच्या दोन रेघा ओढल्या आणि हात जोडले.

"महाराज, सासूबाई घर न सोडता आल्यात!"

"घर?" रंगराव कडाडला. "ही टोपली आहे, टोपली! उपडी घातलेली!"

"आत जाऊन बघा की, कारभारी."

दरबारात जोडे घालून वावरायचा मान एकट्या रंगरावाला होता. भर दरबारात तो जोडे करकर वाजवत निघाला. रांगोळीपाशी आला. एक जोडा काढला, दुसरा काढला, दोन्ही नीट बाजूला ठेवले आणि वाकून आत गेला.

"या, बसा," आतून राहीबाई म्हणाली. "पाणी घेता? पाय धरत नाही माझा, उठून देववत नाही."

"महाराज," हौसा म्हणाली, "ते जोडे बघा! तुमच्या दरबारात कारभाऱ्यांनी कधी जोडे काढले नाहीत. टोपलीत शिरताना कुणी काढतं का?"

रंगरावाने डोकं बाहेर काढलं. "ते... ते सवयीनं!"

"हो तर! लोकांच्या घरात शिरताना जोडे काढायची सवय असतेच माणसाला."

महाराजांना हसू आवरेना. रंगराव लालबुंद झाला. "बरं, घर तर घर! पण ही अडगळ आत्ताच्या आत्ता उचल इथून!"

"उचलते की! ज्या दिवशी सासूबाई आपल्या पायांनी हा उंबरा ओलांडून बाहेर येतील, त्या दिवशी उचलते. तोवर त्यांना घर सोडवत नाही, म्हणून मर्दनी घरी यायला हवा. घर हे इथं आहे, आणि त्यांचं गाऱ्हाणं ऐकायला तुम्ही स्वतः आत जाऊन आलात. आता कुठला नियम उरलाय, कारभारी?"

महाराज मांडीवर थाप मारून खदाखदा हसले. "काही उरला नाही, पोरी! रंगराव, पळ, मर्दनी घेऊन ये! आणि उद्यापासून तूच दारोदार फिरून म्हाताऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायचीस. पालखी मिळणार नाही!"

त्यानंतर बावीस दिवस दरबार त्या घराला वळसा घालून भरला. आतून "टाका पाऊल, आजी, टाका!" असं ऐकू आलं, की महाराज बोलायचे थांबत. तेविसाव्या दिवशी राहीबाई मेढ धरून उंबऱ्यापाशी आली, मेढ सोडली आणि बाहेर उभी राहिली. हौसाला रडू कोसळलं. महाराजांनी सिंहासनावरून उतरून म्हातारीला हात दिला आणि नदीकाठचं सरकारी वेळूबन हौसाच्या नावाने करून दिलं.